शंभर वर्षं, गुरुवारपर्यंत

जेपारात वागियो
सागाच्या कपाटाला सायकलची चेन मारतो.
हळू. वर्षं काही
एकाच दिवशी रागावत नाहीत.

गंजके खिळे मुरवलेलं व्हिनेगर,
वर कडक चहा, बिनसाखरेचा.
लाकूड काळवंडतं
चोरी पकडल्यासारखं.

मग दाभणाने किडीची भोकं.
"रांगेत नको रे, बायू,
कीड काय शाळेत जाते?
आणि झिजव फक्त हात लागतो तिथे,
कडीपाशी, खणाच्या ओठावर."

"कुणाचा हात?"

वागियो पॉलिश पेपर खाली ठेवतो.
बाहेर ट्रकवाला हॉर्न देतोय.
"माझ्या आईचा धर.
डावखुरी होती."

तिच्याकडे कपाट नव्हतं,
पत्र्याची पेटी होती एक.

गुरुवारी कंटेनर रॉटरडॅमला गेला.
कपाटाची डावी कड
जरा जास्तच झिजलेली.