खवलं

शुक्रवारी गोमी येते ती पाटीत मधोमध केळीचं पान घालून.
पानाच्या अलीकडे आमचं, पलीकडे जगाचं.
अलीकडे बोई, बांगडा, भरती मेहेरबान असली तर हातभर जिताडा;
पलीकडे कोळंबी, माकुल,
आणि ओल्या मिशांचा शिंगाळा, जो माझ्याकडे बघतच असतो.
"पर आहेत, खवलं आहेत, बघून घे," म्हणते
आणि अंगठ्याच्या नखाने उलटं खरवडून दाखवते.
तिला हे कुणी शिकवलं नाही.
तिची सासू माझ्या सासूच्या दाराशी अशीच बसायची,
तेव्हा आम्ही गावात होतो, घाणा होता,
शनिवारी बैल सोडलेला असायचा.

आता बायपासला लागून कॉलनी.
सात दारं आमची, चौकटीच्या उजव्या अंगाला तिरकी मेझुझा;
रंगारी दर दिवाळीला विचारतो, हिच्यावरून ब्रश फिरवू का?
बाकीची दारं पाटील, म्हात्रे, एक बँकेतला विदर्भाकडचा.
शुक्रवारी चारनंतर आमच्या सात घरांत
एकदम सगळ्यांचेच कुकर वाजतात.
नारळाचं दूध, काळ्या मनुकांचं शरबत, दिव्याला वात.
नफताली स्टुलावर चढून
फ्रीजचा बल्ब दोन आटे सैल करतो,
म्हणजे उद्या दार उघडलं तरी उजेड पडायला नको.
एसटीच्या वर्कशॉपात तेहतीस वर्षं काढलेला माणूस,
त्याचा देवही पान्यापकडीतून जातो.

पण या आठवड्यात डिमोनाहून धाकट्याने पैसे पाठवले
आणि नवा फ्रीज आला.
त्याला बल्बच नाही. भिंतच उजळते आतली.
बटणावर पट्टी चिकटवायची ठरली होती.
पट्टी आणलीही होती.
ती टेबलावरच राहिली,
आणि मी दोन्ही दिवे लावून
डोळ्यांवरून हात काढले, तेव्हा दिसली.

शनिवारी नफताली सिनेगॉगमधून लवकर परतला.
नऊच जण जमले, म्हणाला,
आणि कपाटाकडे बघून आले सगळे.
मग फ्रीजकडे बघत बसला.
आत जिताड्याचं कालवण.
आम्ही दोघं सुकी भाकरी मोडत होतो,
त्याने एकदा "चटणीही आतच ना?" विचारलं,
मी उत्तर दिलं नाही.

साडेअकराला गोमी. शनिवारी ती आमच्याकडे विकत नाही,
पलीकडच्या बिल्डिंगा करून पायरीवर टेकते एवढंच.
तिला सांगता येत नाही, उघड म्हणून.
सांगायचं नसतं. तेवढं तर लहान पोरालाही ठाऊक.
मी म्हटलं, भिंतीला म्हटलं,
"नवा आहे. आत उजेड फार पडतो म्हणतात."
गोमीने भिंतीकडे पाहिलं.
मग माझ्याकडे. मग भाकरीकडे.
"मला बाई तहान लागलीय," ती म्हणाली,
"आणि माझ्या तहानेला गारच पाणी लागतं."
उठली, तशीच, मासळीच्या हाताने,
दार सताड उघडलं, चेहरा उजळला तिचा.
"ही बाटली मागे सारलीय कुणी? हे भांडं मधे येतंय माझ्या,"
म्हणत पातेलं काढून ओट्यावर ठेवलं,
चटणीची वाटीही तिच्या मधे आली,
लोणच्याची बरणीसुद्धा, जी मला नको होती.
पाणी प्याली अर्धा घोट.

कालवणावर नारळाचं दूध गोठून साय धरली होती.
गारच खाल्लं. नफतालीने बोटं चाटली
आणि शिळ्या जिताड्याची चव मुरलेली असते
यावर बराच वेळ बोलत राहिला.

संध्याकाळी तीन चांदण्या मोजल्या, सब्जा हुंगला,
मग बटणावर पट्टी लावायला गेले
तर मुठीला एक खवल चिकटलेलं, वाळलेलं.
नखाने काढायला लागले. राहू दिलं.

रात्री फोन. तिकडे सगळी गल्लीच शनिवार पाळते,
तिथे भिंतीशी बोलावं लागत नाही कुणाला.
"फ्रीज कसा आहे, आई?"
चांगला आहे, म्हटलं.
गोमीला आवडला.