पेवातला पिवळा

पद्मल म्हणाली, अप्पा, हात मागं बांधा.
बांधले.
चाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात दिवाणजी होतो,
पिवळं काही समोर आलं की
बोटं आपोआप पुढं होतात.

हळकुंड घ्यायचं, मोडायचं.
कडकन वाजलं तर वाळलंय.
मग आतला रंग बघायचा,
वरून काय, पॉलिश कुणीही करतं.

इथं सगळा माल वरच.
मातीच्या भांड्यात सूर्यफुलं, भिंत पिवळी, मेज पिवळं,
अर्धी फुलं मान टाकलेली.
मी मोजली. पंधरा.
मोजायचं नसतं अप्पा, पद्मल म्हणाली.
मग काय करायचं असतं?
ती गप्प. तिचे डोळे तिकडंच.

दर काय असेल, हेही विचारून झालं.
ते विकायचं नाही, म्हणाली.
माझ्या वडलांच्या वेळी दर रुमालाखाली ठरायचा,
दोघांचे हात एका कापडाखाली,
बोटं बोलायची, तोंडं मुकी.
इथंही मला तेच दिसलं:
शंभरेक माणसं, पन्नास भाषा, सगळी मुकी,
आणि ज्याचा त्याचा रुमाल.

उजेड एवढा मंद का?
पद्मलनं पाटी वाचून सांगितलं,
यातला पिवळा उजेडानं काळवंडतो.
ॲमस्टरडॅममध्ये उभा होतो मी,
पण त्या वाक्यासरशी
पाय हरिपूरला लागले.

पेव बघितलंय कधी?
जमिनीत खणलेला रांजण, तोंड लहान, पोट अफाट.
हळद भरायची, पाल्याचं पांघरूण, वर माती.
तीन वर्षं, चार वर्षं, हात लावायचा नाही.
आत किडा जगत नाही.
माणूसही नाही.
म्हणून उघडलं की थांबायचं,
मग दोरीला कंदील बांधून सोडायचा.
विझला, तर अजून थांब.
जळत राहिला, की इस्माईल सनदे उतरायचा,
कमरेला दोर, दातांत गमछा,
आणि वर यायचा तेव्हा
त्याच्या पापण्याही पिवळ्या.

दोन हजार पाचला कृष्णा आत शिरली.
पाणी ओसरल्यावर उघडली पेवं.
माल नव्हता, वास होता.
इस्माईल त्या दिवशी उतरला नाही.
काठावर बसून त्यानं एक हळकुंड मोडलं.
आवाज आला नाही.

तर ते चित्र.
कोपऱ्यात खुर्चीवर राखणदार, उंच, काळ्या कोटातला.
हे शहर समुद्राच्या खाली वसलंय म्हणे.
त्याला विचारावंसं वाटलं,
बाबा, पाणी आलं तर?
भाषा नव्हती. हातानं पातळी दाखवली:
घोटा, गुडघा, कंबर, छाती.
तो हसला,
खिशातून पाकीट काढून
त्याच्या दोन पोरींचा फोटो दाखवला.
थोरली गुडघ्याच्या वर, धाकटी खाली.
मीही हसलो. काय करणार.

जाताना दुकानातून एक कार्ड घेतलं,
इस्माईलसाठी. त्याला आता कमी दिसतं.
त्यानं ते नाकाशी नेलं,
मग अंगठ्यानं कोपरा वाकवून बघितला.
वरचा रंग छापतात दिवाणजी,
आतला कसा होता?

विमानात साडेआठ तास आणि त्यानंतर सहा महिने
मी उत्तर जुळवतोय.
बहुतेक असं काहीतरी:
त्यानं खूप घाईनं भरलंय,
माल ओला असतानाच,
आणि वर माती टाकायला विसरला.
पण हे मी इस्माईलला अजून बोललो नाही.

कार्ड त्याच्या कपाटात आहे, ज्वारीच्या डब्यामागं,
उजेड लागू नये म्हणून. मीच सांगितलं.
बघायचं मनात आलं
की तो दार उघडतो,
आणि जरा वेळ
बाजूला उभा राहतो.