सुटी रेघ

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
मी पायरी चढलेच नाही.
बातुमीतल्या जुन्या इमारतींची लिफ्ट नाणं खाते.
दहा तेत्री टाकले आणि सातव्या मजल्यावर उतरले,
हाताला सोड्याचा वास, पिशवीत
मुर्मानच्या हॉटेलची अकरा महिन्यांची थकबाकी.

म्हणजे पिशवी रिकामीच होती.

अन्झोर वकील पोरगेलासा.
करार? म्हणाला. नाही.
बिलं, पावत्या? नाही.
निदान फोनवर काही लिहिलेलं?
मुर्मान लिहीत नाही, म्हटलं. मुर्मान हसतो,
खांद्यावर हात ठेवतो, म्हणतो,
नाझीब्रोला, सीझन संपू दे.
सीझन संपला की म्हणतो, सुरू होऊ दे.

मग हिशेब आहे कुठे?
दारावर.
बॉयलरच्या कपाटाचं दार, आतल्या बाजूनं.
वीस किलोचं गाठोडं, पेन्सिलची एक रेघ,
चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी.
एकतीस जुड्या, आणि वर एक सुटी.

तो तासावर पैसे घेतो, मी किलोवर.
विचारलं, तुझ्या एका तासाचं वजन किती?
त्यानं आकडा लिहून कागद माझ्याकडे सरकवला.
चाळीस किलो. इस्त्रीसकट.
तरी सही केली.
बुडत्याला काडीचा आधार,
काडी तासावर मिळते, एवढंच.

फोटो काढून गेला, मग फोन आला:
मूळ पुरावा मागतील.
भाच्यानं बिजागरीचे स्क्रू काढले.
बाहेर पाऊस, इथे तो कधी नसतो?
रेघा पुसू नयेत म्हणून दार गुंडाळलं
चादरीत. चादर मुर्मानचीच निघाली,
कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं विणलेलं हॉटेल मॅग्नोलिया.
मिनीबसवाल्यानं दाराचं वेगळं तिकीट घेतलं.
त्याची पावती मात्र मागून घेतली मी.

आधी तडजोडीची खोली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या.
त्यांची वकीलीण तिबिलिसीहून आलेली,
कोटाची बाही ड्रायक्लीनला उशीर झालेली.
म्हणाली, या रेघा कुणीही, कधीही ओढेल.
ही शेवटची, सुटी, ही कोणत्या दिवसाची?

तारीख मला आली नाही.
म्हटलं, ते गाठोडं लग्नाचं होतं. सहा टेबलक्लॉथ,
पाचांवर वाइन, सहाव्यावर अक्रोडाची चटणी,
तेलाचा डाग, तो दोनदा भिजत घालावा लागतो,
आणि घडीत एक कानातलं सापडलं,
ते मी तुमच्या काउंटरवर दिलं,
ज्या मुलीनं घेतलं तिचं नाव इर्मा.

मुर्मान पहिल्यांदा हसायचा थांबला.

सहा हजार दोनशे चाळीस लारी मागत होते.
चार हजार, आत्ता, ते म्हणाले.
अन्झोरनं मला बाहेर नेलं, झेरॉक्स मशीनच्या आडोशाला.
तुमचं खरं आहे, म्हणाला,
पण हे खरं दोन वर्षं चालवायचंय का?
मला दोन नंबरच्या मशीनचं बेअरिंग आठवलं,
रात्री कसं किंचाळतं ते.
चार हजार, म्हटलं. आणि चादर मी परत देणार नाही.
चादरीचं त्यानं कलमात घातलं नाही.
ती अजून माझ्याकडे आहे.

दार परत बसवलं, नीट लागत नाही,
वाफेत मधूनमधून उघडतं.
मुर्मानची गाठोडी येतात, पैसे आधी, सहा कलमांचा कागद,
चौथ्यापर्यंत वाचलाय मी.

अन्झोरची उरलेली फी शर्टांत फेडायची ठरली, पाच शर्ट.
जुन्या रेघांखाली त्याच्या नावाच्या ओढते:
चार उभ्या, एक आडवी,
आणि पुढे आणखी दोन.
शर्ट येतच आहेत. चांगला मुलगा आहे,
कॉलर मळवतो फार.
या दोघांबद्दल त्याच्याशी कसं बोलायचं
ते विचारायला मी
कुणाकडे जाऊ?