बसून कसलं दमायचं

गाडी बंद करून वीस मिनिटं झाली.
नेरेयदाचा हात अजून किल्लीवरच.
फ्रेस्नो, फेब्रुवारी, पार्किंगचा चौथा मजला.
समोर भिंत, भिंतीवर रंगवलेला चार,
आणि धुकं असं, की पलीकडे कॉलेज आहे
हे आपण नुसतं ऐकून मानायचं.

नऊला सांख्यिकीचा पेपर.
नऊ वाजून गेले.

पहाटे तीन ते सात तिनं गोदामात खोकी चिकटवली,
बोटांना अजून चिकटपट्टीचा वास.
त्याआधी, रात्री, विमा कंपनीचं पत्र
आईला वाचून दाखवलं.
म्हणजे काय गं?
म्हणजे पैसे आपण भरायचे, आई.
मग विमा कशाला?
याचं भाषांतर तिला जमलं नाही.

सात वर्षांची असल्यापासून करतेय ती हे.
विजेचं बिल, घरमालकाची धमकी,
धाकट्या अर्नुल्फोची शाळेतून आलेली तक्रार,
जरा सौम्य करून.
एकदा डॉक्टर तिच्याकडे बघून म्हणाला,
मावशीला सांग, गाठ चांगली नाही.
तिनं सांगितलं,
मावशी, पाणी भरपूर पी म्हणतायत.

समुपदेशक बाईंनी गेल्या आठवड्यात
एक रबरी चेंडू दिला. पिवळा, हसऱ्या तोंडाचा, दाबायचा.
बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, नाही म्हणायला शीक.
कुणाला, ते म्हणाल्या नाहीत.
चेंडू सध्या शेजारच्या कुत्र्याकडे आहे.

कान्सादो, दमलो, हा शब्द घरात बाबांचा.
बदामाच्या बागेतून आल्यावर, दाराशी,
बूट काढताना, दिवसातून एकदाच.
बुटांतून माती पडायची, तोंडातून शब्द,
आई दोन्ही झाडून घ्यायची.
दुसऱ्या कुणी तो उचलला नाही.
खुर्चीत बसून पुस्तकं वाचणाऱ्या मुलीनं तर...
बसून कसलं दमायचं?
असं तिला कधीच कुणी म्हटलेलं नाही.
तेही तिनंच, सगळ्यांच्या वतीनं,
स्वतःला रोज सांगितलं.

फोन वाजतो. बाबा.
या वेळी ते कधी करत नाहीत.
बाग धुक्यात बुडालीय, मुकादम थांबा म्हणाला.
पोचलीस?
हो, पोचले.
आणि मग, भिंतीवरच्या चाराकडे बघत,
बाबांच्या शब्दाचं शेवटचं अक्षर तेवढं बदलून,
हातातून भांडं निसटावं तसं:
कान्सादा. दमले, बाबा.

तिकडून बराच वेळ काही नाही.
कुणीतरी ट्रॅक्टर चालू करून बघतं, बंद करतं.
झोप कमी झाली, बाकी काही नाही,
असं म्हणायला ती तोंड उघडते
तेवढ्यात ते विचारतात.
टोमणा नाही, समजूत नाही,
पान उलटं करून, या झाडाला काय लागलंय,
ते बघताना विचारावं तसं:
कशानं?

तिला उत्तर येत नाही.
किल्लीवरचा हात तेवढा मांडीवर येतो.
ते थांबलेत.
धुकं उठेपर्यंत त्यांनाही
कुठं जायचं नाहीये.