प्रासंगिक करार

तिकीट साठ रुपये, दोघांचं एकशे वीस.
मागच्या बाजूला छापलंय: वरचा मजला सर्वांसाठी खुला.
जिन्याच्या तोंडाशी मात्र सुतळी,
तिला कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलेला कागद,
खासगी कार्यक्रम, प्रवेश बद.
टिंब द्यायचं राहून गेलेलं.

सुतळीपाशी मुजम्मिल, वीसेक वर्षांचा.
ओळख निघाली. याच्या आज्याला मी
विहामांडव्याच्या गाडीत कैकदा उभ्यानं नेलंय.
"काका, बियाण्याची कंपनी आहे, डीलर लोकांची मीटिंग.
परतीला सोडतो ना वर, पाच मिनिटं."
पोरगं खोटं बोलत नव्हतं.
त्याच्या हातात काहीच नव्हतं, सुतळी सोडून.

द्वारकाचा मोतीबिंदू काढून अडीच महिने झालेत.
काळा चष्मा सुटला त्याच दिवशी तिनं सांगून ठेवलं,
आधी नाथसागर बघायचा, उंचावरून,
रोहित आले असतील तर रोहित.
पिशवीत धपाटे, दह्याची बरणी वेगळी.
खालच्या मजल्यावर खिडकी अशी
की बसल्या माणसाच्या कपाळाच्या वर.
उभं राहिलं तर एक लोंबता टायर
आणि पाणी, अगदी जवळचं,
डिझेलचा तवंग आलेलं.

मी मोजले. सवय आहे, एकतीस वर्षं मोजलेत.
खाली त्रेसष्ट, कडेवरची दोन लेकरं धरून.
वर, जिन्याच्या फटीतून, बुटांचे जोड चौदा.
कुणाला तरी विक्रीचं पहिलं बक्षीस मिळालं.
टाळ्या झाल्या.
काकडीची एक चकती पायऱ्यांवर टप्पे खात खाली आली.
एक लेकरू वाकलं,
आईनं त्याच्या हातावर चापट मारली.

मी तोंड उघडणारच होतो.
बस कुणाची, बाक कुणाचा, हे शिकवू नका मला,
असं काहीतरी जिभेवर आलेलं.
तेवढ्यात पाटी आठवली.
ड्रायव्हरच्या काचेआड, डाव्या हाताला:
प्रासंगिक करार.

वैशाखातली दुपार. ढाकेफळ फाटा.
बिडकीनचं वऱ्हाड घेऊन निघालेलो,
पुढच्या बाकावर आहेराची भांडी,
मागच्या सात बाकांवर कुणी नाही.
लिंबाच्या तोकड्या सावलीत दहा-बारा जण,
हात वर केलेले.
एक बाई डांबरावर उतरली,
काखेत पोर, पोराच्या डोक्यावर ओला पंचा.
ढगे ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत होता.
घंटीची दोरी माझ्या हाताशी होती.
ओढली नाही.
नियमच तसा, करारातल्या गाडीत प्रवासी घ्यायचा नाही.
तिला पाटी वाचता येत नसावी.
तिला गाडी दिसली, तांबडी, अर्धी रिकामी,
आणि तिची.

हे मी द्वारकाला कधी सांगितलं नव्हतं.
लाँचवर सांगितलं, इंजिनाच्या वर आवाज चढवून,
शेजारच्या चौघांनी ऐकलं.
तिनं धपाटा मोडला, दह्यात बुडवला.
"मंग आता कामून चिडायलात?"
बऱ्याच वेळानं, बरणीचं झाकण फिरवत,
"चिडा. तवा चिडले न्हाई, आता तरी चिडा."

काठ दिसायला लागल्यावर मुजम्मिलनं गाठ सोडली.
"फक्त काकू," हळूच म्हणाला.
द्वारकानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला
आणि मागं वळून पाहिलं,
त्या आईकडे, लेकराकडे, सगळ्यांकडे.
मग माझ्याकडे.
माझ्या तोंडातून निघालं ते ठरवून नाही:
"चला, पुढं सरका, पुढं सरका, पुढं जागा आहे!"
डीलर लोक ताटं सावरत उठले.
मुजम्मिल सुतळी गुंडाळत राहिला,
कुणाकडेच न बघता.

लांब, पाण्यावर, काहीतरी गुलाबी होतं.
रोहित, ती म्हणाली.
मला ते कंपनीचं रिकामं पोतं वाटलं.
डोळे तिचे नवे आहेत.
मी वाद घातला नाही.