आठ आणे बाकी

इरावतीच्या हस्ते फर्गसचा प्रश्न आलाय:
लग्नात कुठल्या चौकड्यांचा किल्ट घालू?
वडिलांचं कूळ लहान,
दुसऱ्या मोठ्या कुळाच्या आडोशानं राहिलेलं,
त्याला स्वतःचं कापड नाही.
आईकडचा टार्टन पिवळाजर्द, वर काळे पट्टे,
"लांबून टेम्पो उभा आहे असं वाटतं"
(ग्वाल्हेरला येऊन गेलाय, म्हणून टेम्पो).
तिसरा गर्द निळा-हिरवा,
ज्याचं कुणी नाही त्यानं घालावा असा.

आणि खाली एक ओळ:
तुमच्याकडे काय घालतात?

आमच्याकडे.
मी चष्मा पुसला.
पुणेरी घातली तर पुण्याचे व्याही-पाव्हणे
बोलणं ऐकून विचारणार, तुम्ही कुठले?
शिंदेशाही घातली तर लष्करातलेच विचारणार,
तुम्ही कधीपासून?
त्या टोकाला घराणं लागतं,
आम्ही हिशेबखात्यातले.
उपरण्यावर भागवतो म्हटलं, तर बायको म्हणाली,
मुलीचे बाप आहात, भटजी नाही.

पण आजोबांचा फोटो आहे.
दसऱ्याचा दरबार, मागच्या रांगेत डावीकडून चौथे,
डोक्यावर शिंदेशाही,
चेहऱ्यावर सरदारांपेक्षा जास्त सरदारी.
पगार बावीस रुपये.
पगडी कुठून आली
हे घरात कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

दौलतगंजाच्या उतारावर नसीरभाईंचं दुकान,
दोन माणसं आत गेली की तिसऱ्यानं रस्त्यात उभं राहायचं.
नसीरभाई मराठी बोलतात,
गिऱ्हाइकांनी शिकवलेली, थोडी दरबारी, थोडी उधारीची.
फोटो पाहिला. काही बोलले नाहीत.
स्टुलावर चढून वडिलांची वही काढली,
उर्दूतली, उजवीकडून उघडणारी,
आणि बोट फिरवत वाचली:

गोपाळराव हिशेबवाले. शिंदेशाही, लाल. एक दिवस.
डोकं साडेबावीस.
आठ आणे.

खालच्या दसऱ्याला तेच. त्याच्या खाली तेच.
अकरा दसरे.
दहांपुढे एक तिरकी रेघ, चुकते.
अकराव्यापुढे रेघ नाही.
"पगडी परत आली होती हं," नसीरभाई घाईनं म्हणाले,
"कागदात गुंडाळून, कुणा पोराच्या हाती.
पैसेच राहिले."
ते पोर माझे वडील असणार.
त्या दिवाळीत आजोबा गेले.

रात्री इरावतीला फोन लावला.
पहिल्यांदा लाज वाटली, मग सगळं सांगितलं.
ती पलीकडे त्याच्या भाषेत सांगत राहिली,
साडेबावीस, आठ आणे, मागची रांग,
आणि कुणीतरी मोठ्यानं हसलं,
चांगलं हसलं.
बाबा, म्हणाली, त्याच्या वडिलांनीपण
लग्नात किल्ट भाड्यानंच आणला होता,
बस डेपोतून दोन दिवस सुटी काढून,
डिपॉझिट ठेवून, कमरेला ढिला,
फोटोभर एक हात पट्ट्यावर.

मग कुठला घालू म्हणतोय?

पिवळा, मी म्हणालो.
टेम्पो दिसला तर दिसू दे.
आमच्या गावात टेम्पोला कुणी कूळ विचारत नाही,
हात केला की थांबतो.

सकाळी उतारावर गेलो.
नसीरभाईंनी फीत गुंडाळली,
आकडा वाचला, वहीकडे पाहिलं,
पुन्हा फीत पाहिली.
लाल, मी म्हणालो, एक दिवस.
आणि हे मागचे.

रुपया ठेवला. आठ आण्यांचं नाणं
आता कुणाकडे असतं?
त्यांनी खिसे चाचपले, गल्ला उलटा केला,
टाचण्या निघाल्या, एक बटण निघालं.
शेवटी वही पुढे ओढून
अकराव्या दसऱ्यापुढे रेघ मारली,
आणि खाली काहीतरी लिहिलं.
काय, मी विचारलं.

"आता आमच्याकडून आठ आणे बाकी."