डब्याचं झाकण

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर
आम्हाला हॉलमध्ये बसवलं. समुपदेशक बाईंनी
फळ्यावर लिहिलं : एडीएचडी.
पंख्याखालच्या खुर्च्या आधीच भरलेल्या.
चौगुले सर म्हणाले, "आमच्या वेळी याला एकच औषध,
निरगुडीचा फोक." सगळे हसले.
मीही.

मग नावं विचारली. सगळ्यांच्या तोंडी एकच,
सम्राट गवंडी, सहावी ब.
पेठेच्या मॅचमधला गोल
जो भूगोलाच्या तासाला पुन्हा मारून दाखवतो.
त्याला काय, कुणीही ओळखेल;
धारेला गंगावेशीत आलेली म्हैस
भर रस्त्यात उभी असावी, तसा तो दिसतोच.

बाई म्हणाल्या, "आणि जी गप्प असतात, ती?"

ऋतिका सातपुते. तिसरा बाक, भिंतीकडून दुसरी.
तिच्या वहीत गणिताची पहिली ओळ सुरेख,
दुसरी अर्धी,
मग समासात एक चप्पल :
कान, अंगठा, वेणी,
एकेक टाका मोजून घातलेला.

आणि मी डायरीत वर्षभर काय लिहिलं?
लक्ष नसते. लक्ष नसते. वही विसरली.
एकदा लाल शाईत :
हुशार आहे, पण मन लावत नाही.
जणू मन म्हणजे पोस्टाचं तिकीट,
थुंकी लावली की चिकटलं.

सोमवारी तिला एका कागदावर एकच गणित दिलं.
सुटलं की उठायचं, टेबलापाशी यायचं, पुढचा कागद न्यायचा.
बारा फेऱ्या. नऊ बरोबर.
सम्राटला म्हटलं, उभ्यानं लिही.
चौगुले सर दारातून बघून गेले,
"नाद खुळा चाललाय बाई तुमचा."

तिची आई आली, चप्पल लाईनीतल्या दुकानातून तशीच,
हाताला सोल्युशनचा वास,
काही बोलायच्या आधीच गुन्हेगारासारखी उभी.
म्हणाली, "ती ऐकत नाही असं नव्हं बाई.
तिला जास्त ऐकू येतंय."
मी ते हजेरीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.

सगळं बदललं वगैरे काही नाही.
काल चाचणीत तिने पान उलटलंच नाही;
मागचे दहा मार्क कोरे.
आज डब्याचं झाकण हरवलं,
अख्खा वर्ग बाकांखाली.

संध्याकाळी केएमटीत चष्मा शोधत होते,
पर्समध्ये, पिशवीत, मांडीवरच्या गठ्ठ्यात.
शेजारची म्हणाली, "कपाळावर हाय की."
पिशवीत हाताला लागलं ते झाकण,
आतून मेथीचं एक पान चिकटलेलं.